मोजडीची वाटणी

करंगळी पहिल्या पेरापर्यंत कुंडीत खुपसायची, क्षणभर तशीच ठेवायची, काढून खालच्या ओठाला लावायची आणि म्हणायचं, "आज नको." वहिनींचं हे रोज चालायचं, ओळीनं सगळ्या कुंड्यांपाशी. क्वचित एखादीपाशी थांबून "हिला घोटभर" म्हणायच्या. मग त्या एकटीला पाणी मिळायचं.

मी उभा जन्म सेलूच्या बाजारात काढला आहे. बाजारातलं "नको" म्हणजे अजून थोडे खाली या. वहिनींचं नको म्हणजे नकोच. तुम्ही कधी दुकान चालवलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, असं माणूस समोर आलं की काय करावं ते सुचत नाही.

माझा धंदा बारदानाचा, म्हणजे पोत्यांचा. मालधक्क्यावर पडलेली फाटकी पोती गोळा करायची, दाभणानं शिवायची आणि विकायची, इथून मी सुरुवात केली. बापानं मला दाभणसुद्धा दिलं नव्हतं. त्यातून वर येऊन चौकातला एक गाळा भाड्यानं घेतला, तो वहिनींच्या सासरच्या घराचा दर्शनी गाळा. मागं घर, पुढं मी. त्या विधवा होत्या, दोन दिरांच्या एकत्र कुटुंबात राहायच्या. सारी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो.

संस्थान नुकतं विलीन झालं होतं. बाजारात संस्थानचा जुना हाली शिक्काही चालायचा आणि सरकारी कळदार रुपयाही, आणि दोन्हींवरून माझी रोज कुणाशी ना कुणाशी जुंपायची. अशाच एका दुपारी वहिनी मागच्या दारानं गाळ्यात आल्या.

"भाऊ, जुनी पोती हायेत का? मिठाची नको, खताची नको. तांदळाची असली तर द्या."

मी नेहमीप्रमाणं दुप्पट भाव सांगितला. खाली यायला जागा लागते ना. वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि पैसे फळीवर ठेवले.

माझं डोकंच फिरलं. "अवो वहिनी, भाव तर करा!"

"कशाला? तुमी सांगितला न?"

"सांगितला म्हणून काय झालं?"

"मग खोटा सांगितला का?"

मी निम्मे पैसे परत दिले, पोती खांद्यावर टाकली आणि बडबडत मीच आत नेऊन देऊ लागलो. त्या दिवशी मला ती खोली दिसली.

माजघराच्या मागं होती ती. भिंती हातभर जाड, उत्तरेला एक लहानशी खिडकी. गल्लीतले लोक तिला अंधारी खोली म्हणायचे, पण आत गेल्यावर डोळे सरावले की कळायचं, अंधार नाही, सावली आहे. जमिनीवर ओली वाळू पसरलेली. तिच्यावर विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर कुंड्या. बाहेर उन्हाचा तवा तापलेला आणि आत नदीकाठासारखा गारवा. खिडकीवर टांगायला त्यांना पोती हवी होती. ती भिजवून टांगली की गरम वारा आत येईपर्यंत थंड व्हायचा.

थंडीचे दिवस लागले तेव्हा मी फूल पाहिलं. वीतभर दांड्यावर एकच फूल. वर टोपीसारखी एक पाकळी, तिला पांढरी कड. बाजूला मिशांसारख्या दोन. आणि खाली, काय सांगू, थेट मोजडीचा चवडा! पिवळसर तपकिरी, आतून पोकळ, वरून वार्निश दिल्यासारखा. गल्ली त्या झाडांना मोजड्या म्हणायची. मला वाटलं होतं चेष्टेनं म्हणतात. मी वाकून पाहिलं आणि धंदेवाला माणूस जे विचारतो ते विचारलं.

"वास?"

"न्हाई."

"फळ येतं का?"

"न्हाई."

"औषधाला?"

"न्हाई."

"मग हे करतंय काय?"

वहिनी हसल्या. त्यांचं हसणं मी फार थोड्या वेळा पाहिलं. "फुलतंय की," म्हणाल्या.

कलेक्टरच्या बंगल्यावर एखादी कुंडी देऊन बघू, माणूस खूश होईल, पुढं चार कामं होतील, असं मी सुचवलं. "नको." परभणीच्या एका वकिलाला झाडांचा नाद होता. "नको." मी चिडून बाहेर आलो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण दिवाळीनंतर उमललेलं ते फूल शिमग्यापर्यंत तसंच राहतं असं त्यांनी सांगितलं होतं आणि माझा विश्वास बसला नव्हता. ते खरोखर राहिलं.

झाडं कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पोती टांगता टांगता, माझ्याकडं पाठ करून. त्यांचे यजमान तिघा भावांत थोरले. बापाशी भांडून घर सोडलं, पार आसामकडं गेले, चहाच्या मळ्यावर कंपौंडर झाले. वहिनी त्यांच्या मागं गेल्या. डोंगरातल्या ओलसर कड्यांवर ही झाडं उगवायची, यजमान ती आणायचे. मग त्यांना ताप आला आणि ते गेले. वहिनी एक पत्र्याची पेटी आणि एक वेताची टोपली घेऊन सेलूच्या स्टेशनावर उतरल्या. वाटेत प्यायच्या पाण्यातलं निम्मं पाणी टोपलीला पाजलं होतं. घरी सासूनं आधी टोपली उघडली, मुलानं परदेशात काहीतरी कमावून ठेवलं असेल म्हणून. आत शेवाळात गुंडाळलेली पानं.

"सासूबाई म्हणाल्या, गवत आणलंय," वहिनी म्हणाल्या. "त्या दिसापासून ह्या घरात ह्यांचं नाव कुणी घेतलं न्हाई. सासरे वारले तरी न्हाई घेतलं."

विहिरीचं पाणी त्या झाडांना चालत नसे. आमच्याकडचं पाणी खारट. भांड्याला पांढरा थर बसतो आणि ह्या झाडांच्या पानांची टोकं जळतात. म्हणून वहिनी पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी रांजणात साठवायच्या. पहिला पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्यायचा, मग धरायचं. ते रांजण वर्षभर पुरवायचे. उन्हाळ्यात मधल्या दिराची बायको विहिरीवरून येताना मोठ्यानं म्हणायची, "आमाला प्यायला खारं, अन् मोजड्यांना गोडं!" वहिनी ऐकून घ्यायच्या. त्या घरात स्वयंपाक त्यांचा, धुणं त्यांचं, पापड-कुरडया त्यांच्या. कशालाही त्या नाही म्हणत नसत. नाही म्हणायच्या ते फक्त त्या खोलीत.

एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावली होती, कारण मी पुन्हा पुन्हा विचारायचो की एका कुंडीच्या दोन का करत नाही. पानांचा एक झुबका, त्याला आयुष्यात एकदाच फूल येतं. मग त्याच्या बुडाशी पिल्लू फुटतं. फुलून गेलेला जुना झुबका त्या पिल्लाला पोसतो. "म्हातारा म्हणून त्याला तोडला तर पिल्लू मरतं," त्या म्हणाल्या. "चार-पाच एकत्र असले तरच जीव धरतेत. सुटं एकटं झाड हाय म्हणून दिसतं, पण ते मरायलेलंच असतं."

मग कूळकायद्याचं वारं सुटलं. जमिनीवर मर्यादा येणार, एकत्र खातं असेल त्याची जास्त जाणार, असं कचेरीत बोलू लागले. न भांडणाऱ्या घरांतसुद्धा वाटण्या सुरू झाल्या. वहिनींच्या दिरांचं एकमेकांशी वाईट नव्हतं. भीतीपोटी वाटणी करायची ठरलं, आणि एकदा पंच बसले की सारंच वाटायचं असतं. बैल, जू, परात, उखळ. पाटाची जोडी असेल तर एक पाट इकडं, एक तिकडं.

वहिनी गाळ्यात आल्या. फळीला धरून उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुमाला बोलता येतं. माझं एक करता का? मला जमीन नको, सोनं नको. अंधारी खोली राहू द्या म्हणावं. कुंड्या हायेत तशा राहू द्या म्हणावं. मी हाय तवर."

आयुष्यात त्यांनी मागितलेलं हे एवढंच. मी छाती ठोकून म्हणालो, "झालं समजा."

अडचण अशी होती की घर मापायला दोरी धरली तेव्हा खोली धाकट्याच्या हिश्शात येत होती आणि त्याला तिची भिंत पाडून परसात जायला वाट काढायची होती. धाकट्याला आणखी एक गोष्ट हवी होती, माझा गाळा. पोराला किराणा टाकून द्यायचा होता त्याला. मी दोन दुपारी त्याच्याशी डोकं फोडलं. शिव्या दिल्या, चहा पाजला, उठून गेलो, परत बोलावून घेतलं. शेवटी सौदा ठरला. मी गाळा सोडायचा. त्यानं भिंत ठेवायची आणि खोली वहिनींकडं, त्यांच्या हयातीपर्यंत. चौकातला गाळा! हातावर हात मारून सोडला मी.

वाटणीच्या दिवशी ओसरीवर सतरंजी टाकली होती. तीन पंच, दोघे भाऊ, उंबऱ्याच्या आत बायका. मी खांबाला टेकून उभा. खोलीचं निघालं तेव्हा धाकट्यानं शब्द पाळला. "खोली वहिनीची." मी मिशीवर हात फिरवला.

मग तो म्हणाला, "पण कुंड्या दादाच्या हातच्या हायेत. दादा माझा बी भाऊ हुता. निम्म्या मला पाहिजेत."

मधला म्हणाला, "मग निम्म्या मला."

मी ओरडलो, "अरे, खोली ठरली म्हणजे खोलीतलं बी ठरलं!"

"खोली ठरली," एक म्हातारे पंच शांतपणे म्हणाले. "कुंड्यांचं कुठं ठरलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. झुबका, पिल्लू, जुनं नव्याला पोसतं ते, सुटं केलं की मरतं ते. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. चाळीस वर्षं रानात गेलेला माणूस तो.

"असं कसं हो? केळीचा मुनवा काढून लावतो न आपण? ऊस कांडी कांडी तोडून लावतो. हळदीचा गड्डा मोडतो. तोडल्याबिगर वाढतंय का काही?" बाकीचे दोघे मान हलवू लागले. "उलट चांगलंच हाय की. दोन्ही घरांत वाढंल."

ह्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. ह्या मुलखात जे काही पिकतं ते तोडूनच वाढतं, आणि त्यांना तेवढंच माहीत होतं. मी मात्र आवाज चढवला. गाळा परत घेतो म्हणालो, सौदा मोडला म्हणालो, एका पंचाला नको ते बोललो. धाकट्याचा चेहरा पडला होता. आणखी थोडा रेटला असता तर तो मागं आला असता. माणूस कधी मागं येतो ते मला कळतं; त्यावरच मी जगलो.

तेवढ्यात त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "दादाचं काईच न्हाई माझ्या घरात," तो म्हणाला. "एक फोटू बी न्हाई. दादा गेला तवा मी लहान हुतो. त्याचं तोंड बी आठवत न्हाई मला."

आणि उंबऱ्याच्या आतून वहिनी बोलल्या, "द्या त्यांना."

"वहिनी!" मी म्हणालो.

"द्या. पण तुमी कुणी तोडू नका. मी करते."

सतरंजीवर पंचांसमोर बसून त्यांनी कुंड्या उपड्या केल्या. चाकू घेतला नाही. मातीऐवजी भरलेले विटांचे खडे झाडले, मुळं बोटांनी एकेक करून सोडवली आणि झुबके सुटे केले. एका झाडाची दोन, दोनाची चार. बाजूला दोन परड्या ठेवल्या होत्या, मधल्याची आणि धाकट्याची. पंच मोजत होते, सारखं पडतंय का म्हणून.

खोली वहिनींना मिळाली. रिकामी.

मी सात-आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझा गाळा गेला होता, आणि कशासाठी गेला होता? शेवटी जाऊन विचारलंच. त्या खिडकीवरचं पोतं भिजवत होत्या. आत काही नसतानाही.

"मी जिंकलो होतो, वहिनी. तुमी मोडलंत. का?"

"त्यानं दादा म्हणून हाक मारली, भाऊ. ह्या ओसरीवर. चार माणसांत." पोतं पिळून त्यांनी खिळ्याला अडकवलं. "तुमी भाव बघत हुता. तुमाला ऐकू आलं नसंल."

मला ऐकू आलं होतं. पण एका हाकेसाठी माणूस असा सौदा मोडतो? तुम्ही सांगा. मला अजून पटलेलं नाही.

पुढं काय झालं ते लवकर झालं. दोन्ही घरांनी मोजड्यांचं कोडकौतुक केलं. धाकट्याच्या बायकोनं मळ्यातली काळी माती आणली, चाळून घेतली. "लोण्यावानी हाय बघा वहिनी, ह्यात धोंडा लावला तरी उगवंल." शेणखत घातलं. वृंदावनाशेजारी मांडल्या, ऊन लागावं म्हणून. सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी. धाकटा स्वतः हळदकुंकू वाहायचा. वहिनी रोज दोन्ही अंगणांत जायच्या, वाकून मातीला बोट लावायच्या.

"पाणी नको घालू गं."

"अवो उन्हाळा हाय. तहानले असतील की ते."

काळ्या मातीनं मुळं आवळून घेतली. पाणी बुडाशी साठून राहिलं. पानं आधी पिवळी, मग बुडातून काळी, आणि हात लावला की नुसती ओघळून यायची. मधल्याच्या घरची आधी गेली. धाकट्याच्या बायकोनं आणखी खत घातलं.

पावसाच्या तोंडाला धाकटा अंधाऱ्या खोलीच्या दारात आला. हातात एक झुबका, मातीच्या ढेकळासकट. मी तिथं पोती देत होतो. तो माझ्याकडं बघेना.

"एवढंच राहिलं, वहिनी. तुमी घ्या. जगंल का?"

"बघू," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी रांजणाच्या तळातलं पाणी घेऊन मुळांवरची काळी माती धुतली. त्या कामाला वेळ लागला. बहुतेक मुळं कुजून पोकळ झाली होती. ती नखानं खुडली. दोनच राहिली. विटांचे खडे आणि कोळसा घालून त्या झाडाला एका मडक्यात उभं केलं. त्याच उन्हाळ्यात वहिनींना खोकला लागला होता. तो पावसाळाभर राहिला. त्या अंथरूण त्या खोलीतच घालायच्या. ओल वाईट, बाहेर झोपा, असं मी भांडून सांगितलं. "झाडाला लागते," म्हणाल्या. धाकटा औषध आणून उशाशी ठेवायचा आणि मडक्याकडं बघून निघून जायचा. दिवाळी जवळ आली तेव्हा वहिनी गेल्या.

अस्थी घेऊन आम्ही रेल्वेनं गंगाखेडला गेलो. दोघे दीर, मी आणि गल्लीतले दोघे. धाकट्यानं मांडीवर त्या झाडाचं मडकं धरलं होतं. मला वाटलं, घरी पाणी घालायला विश्वासाचं कुणी नाही म्हणून बरोबर घेतलं असेल. खरं सांगतो, परतीच्या वाटेत त्याच्याकडून ते मागून घ्यायचं मी मनात ठरवलं होतं. काय भाव सांगायचा तेही ठरवलं होतं.

घाटावर तो अंघोळीला उतरला तेव्हा मडकं माझ्याजवळ पायरीवर ठेवून गेला. मी वाकून पाहिलं. जुनी पानं निस्तेज होती, पण उभी होती. आणि बुडाशी, खड्यांमधून, हिरवं टोक वर आलेलं. करंगळीच्या नखाएवढं. पिल्लू धरलं होतं. वहिनींनी मला हे सांगितलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

भटजींनी हाक मारली. धाकटा ओल्या अंगानं वर आला, एका हातात अस्थींचं गाडगं घेतलं, दुसऱ्या हातात मडकं उचललं आणि परत पाण्यात उतरला. मला वाटलं वहिनींच्या नावानं त्याला पाणी घालतोय. कमरेएवढ्या पाण्यात तो थांबला. डोळे मिटले. "दादा, वहिनी आली," असं काहीसं म्हणाला, आणि दोन्ही सोडलं.

"अरे थांब! अरे जिवंत हाय ते!" मी चपलांसकट पाण्यात धावलो. शेजारच्या बाया ओरडल्या. धाकट्यानं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, हात तसेच जोडलेले. त्याला काही कळलं नव्हतं. त्याला वाटलं मी रडतोय.

विटांनी भरलेलं मडकं. ते लगेच तळाला गेलं. मी दोनदा बुडी मारली, हाताला नुसता गाळ लागला. वर आलो तेव्हा पाण्यावर कोळशाचे दोन-चार तुकडे तरंगत होते. घाटावर अंघोळ करणारा एक माणूस ते हातानं बाजूला सारत होता, ओंजळ भरून घेण्यासाठी.